वाचकांचे प्रश्न : बाळाच्या वाटीतला मासा आणि फळ

उष्टावण झाल्यानंतर बाळाला काय द्यावे, या विषयावरची पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. यंदा त्यांत मासे खाणाऱ्या घरांची पत्रे बरीच होती, आणि घरी केलेल्या मऊ आहारात मासा आणि फळ यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न त्यांपैकी अनेकांनी विचारला होता. म्हणून या वेळी तेवढ्याच विषयाची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. उष्टावणाला तिला खीर चाटवली, आता ती पेज आणि कुस्करलेले केळे खाते. आमच्या घरात रोज मासा असतो. सासूबाईंचे म्हणणे असे की दात आल्याशिवाय मासा देऊ नये, तोवर भातावर माशाचे नुसते पाणी घालावे. मासा कधी सुरू करावा, कोणता द्यावा आणि कसा शिजवावा?
— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : मासा आता सुरू करायला काहीच हरकत नाही, आणि उशीर करण्यात फायदाही नाही. पहिले १८० दिवस फक्त आईचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत वरचे अन्न, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या पोटात मांस, मासे, अंडी यांपैकी काही तरी रोज जावे, असे म्हटले आहे. यामागचे मोठे कारण लोह हे आहे. बाळ पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते, त्यामुळे ती तूट वरच्या अन्नातूनच भरून निघावी लागते. माशातले लोह बाळाच्या अंगी सहज लागते, शिवाय मासा सोबत असला की नाचणी, तांदूळ, डाळ यांतले लोहही अधिक प्रमाणात शोषले जाते.

दातांचा यात संबंध नाही. पहिले येणारे दात पुढचे असतात, ते चावण्याच्या कामाचे नसतात, आणि दाढा तर वर्ष उलटल्यावर येतात. मऊ शिजवलेला मासा बाळ हिरड्यांनी आणि जिभेने सहज मोडते. सासूबाईंची काळजी काट्यांची असणार आणि ती अगदी योग्य आहे; तिचे उत्तर पुढे देते. मात्र नुसत्या माशाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. प्रथिने आणि लोह माशाच्या मांसातच राहतात, पाण्यात चव उतरते. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर मावते, म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट जेमतेम एका वाटीने भरते. ती वाटी पाण्याने भरली तर अन्नाला जागा उरत नाही. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही, इतपत घट्ट अन्न असावे.

मासा निवडताना आधी काटे पाहावेत. तुमच्याकडे मुडदुशी मिळते. बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि लहान मुलांना हाच मासा द्यावा, असे किनाऱ्यावरच्या घरांत पूर्वीपासून मानतात, आणि त्याचे पांढरे, मऊ मांस पाहता ते पटते. पापलेट आणि रावसही सुरुवातीला चांगले. बांगडा आणि तारली यांत मेंदूच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले पांढऱ्या माशांपेक्षा जास्त असतात, शिवाय ते स्वस्त असतात, म्हणून ते टाळू नयेत. काटे काढण्याचा हात बसला की पंधरा दिवसांनी सुरू करावेत. बांगडा मात्र बर्फात नीट ठेवलेला आणि अगदी ताजा हवा, कारण तो उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवल्याने जात नाही. मांदेली, करली, भिंग हे बारीक काट्यांचे मासे बाळाला देऊ नयेत. मुशी, म्हणजे लहान शार्क, देऊ नये, कारण दुसरे मासे खाऊन मोठ्या होणाऱ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो. सुकट, जवळा आणि खारे बोंबील मिठामुळे वर्षभर तरी दूर ठेवावेत.

पापलेट घेताना कोळीण मावशी कल्ल्याजवळ दाबून दाखवते; पांढरे दुधासारखे पाणी आले तर मासा ताजा, लालसर आले तर शिळा, ही परीक्षा करून घ्यावी. घरच्यांच्या आमटीतली तुकडी बाळासाठी काढू नये, मीठ-मसाला लावण्याआधीच बाळाची एक तुकडी बाजूला ठेवावी. मोदकपात्रात किंवा कुकरच्या भांड्यात शिटी न लावता बोटभर जाडीची तुकडी आठ-दहा मिनिटे वाफवली की पुरते. मांस काचेसारखे दिसायचे थांबून सगळीकडे दुधी पांढरे झाले आणि चमच्याने दाबल्यावर त्याच्या पाकळ्या सुटू लागल्या, म्हणजे मासा शिजला.

आता काटे. तुकडी मधल्या काट्यासकटच वाफवावी, म्हणजे तो अख्खा उचलून येतो. आधी कापून काढायला गेले की मोडतो. मग पोटाकडची बाजू वेगळी करावी, कारण बारीक काटे तिथे लपतात. पापलेटच्या वरच्या आणि खालच्या कडेला झालरीसारखी बारीक काट्यांची रांग असते, ती कड बाळासाठी घेऊच नये, आपण खावी. उरलेले मांस गडद रंगाच्या ताटलीत घ्यावे, हात स्वच्छ धुऊन चिमूट-चिमूट उचलावे, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये ते पूर्ण सपाट होईपर्यंत चोळावे. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटांना लागतो. माझ्या मुलीच्या वेळी तीनदा पाहून झालेल्या तुकडीत चौथ्या वेळी अर्ध्या नखाएवढा काटा बोटाला टोचला होता, तेव्हापासून मी डोळ्यांवर विसंबत नाही. काटा राहिला तर मिक्सर तो वाटून टाकेल, असे मात्र मुळीच समजू नये. मिक्सर काट्याचे तुकडे करतो आणि मग ते सापडतही नाहीत. हे काम मिक्सरच्या आधी आणि हातानेच व्हायला हवे.

पहिल्या दिवशी दोन चमचे गुरगुट्या भातात अर्धा लहान चमचा मासा कालवावा, वाफवताना सुटलेले पाणी तेवढे सैल करण्यापुरते घालावे आणि वर चार थेंब खोबरेल तेल किंवा तूप सोडावे. चिमूटभर हळद चालेल. मीठ, साखर आणि तिखट नको. हळूहळू माशाचे प्रमाण एक-दोन मोठ्या चमच्यांपर्यंत न्यावे. नवा मासा सकाळी किंवा दुपारी द्यावा, रात्री नव्हे, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली तर बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे. माशाच्या बाबतीत आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा: खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या होतात, बाळ पांढरे फटक पडून मलूल होते, पण अंगावर काहीच उठत नाही. घरचे लोक याला पोट बिघडले असे समजतात. असे झाले तर डॉक्टरांना बाळाने मासा खाल्ल्याचे आवर्जून सांगावे.

प्रश्न : आमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे. त्याचे जेवण मीच करतो. सुरमईची वाफवलेली तुकडी आणि एक पिकलेले केळे मिक्सरमधून काढले की तो वाटी संपवतो, पण केळे न घालता मासा दिला की तोंड वेडेवाकडे करून थुंकतो. केळे घालत राहिलो तर चालेल का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : बाळाचे जेवण मनापासून करणाऱ्या बाबांचे पत्र आल्याचा फार आनंद झाला. तुम्ही देता त्यात घातक काहीच नाही, पण ही सवय आताच मोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. गोडाची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येते, ती शिकवावी लागत नाही. माशाची, भाजीची, डाळीची चव मात्र शिकावी लागते, आणि प्रत्येक घासात केळे असेल तर ते शिक्षण होतच नाही. तुमच्या मुलाला मासा आवडतो असे नव्हे. त्याला केळे आवडते आणि मासा त्यात लपून पोटात जातो. वर्षाचा झाल्यावर तो घरच्या ताटातला मासा ओळखणारच नाही.

तोंड वेडेवाकडे करणे म्हणजे नकार, असे धरू नये. अनोळखी चवीला बाळाचा चेहरा तसाच होतो. एखादी चव स्वीकारायला बाळाला आठ-दहा वेळा, काही वेळा त्याहूनही अधिक वेळा ती चाखावी लागते, आणि दोन-तीन प्रयत्नांत आपण हात टेकतो. म्हणून केळे एकदम बंद न करता दर दोन दिवसांनी कमी करत न्यावे. अख्ख्याचे अर्धे, अर्ध्याचे पाव, मग पावाच्या जागी वाफवलेला लाल भोपळा आणि शेवटी भात. केळे नंतर वेगळ्या वाटीत द्यावे, बाळाला ते हातात धरून खाता आले तर उत्तमच. जबरदस्तीने चमचा तोंडात कोंबू नये. दोन घास घेतले आणि मान फिरवली तर त्या दिवशी तेवढेच.

फळ आणि मासा एकत्र नकोच, असे माझे म्हणणे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात मासा फळाशिवाय क्वचितच शिजतो. बांगड्यात कैरी किंवा आंबाडे, कोळंबीत बिंबले, आणि आमसूल तर घरोघरी. फरक इतकाच की आपल्याकडे ते फळ आंबटपणासाठी येते. त्याने माशाचा उग्र वास कमी होतो आणि मासा माशासारखाच लागतो. बाळासाठीही हीच वाट धरावी. आठ महिन्यांच्या मुलाला वाफवलेल्या कैरीचा पाव चमचा गर, किंवा वाफवून गाळलेला टोमॅटो एवढ्याशा नारळाच्या दुधाबरोबर माशात कालवून द्यावा. कैरी हिरवीगार आणि जहाल आंबट नसावी, पाडाला आलेली असावी. फळातले क जीवनसत्त्व भात-नाचणीतले लोह शोषायला मदत करते, हा जास्तीचा लाभ.

आणखी दोन गोष्टी. सुरमई हा मासे खाऊन वाढणारा मोठा मासा आहे, तो अधूनमधून ठीक, रोजच्यासाठी बांगडा, मुडदुशी, पापलेट असे लहान मासे घ्यावेत. आणि आठव्या महिन्यात मिक्सर ठेवून द्यावा. या वयात बाळाला जिभेवर थोडे कण लागायला हवेत. अन्न सतत गुळगुळीत मिळाले तर पुढे कणीदार घास ते बाहेर ढकलते. काटे काढलेला मासा काट्या-चमच्याने किंवा हाताने कुस्करला की पुरते.

प्रश्न : आमच्या वेळी मासा खाल्ला की दूध वर्ज्य असे. सून नातवाला मासा-भात भरवते आणि तासाभरात अंगावर पाजते. वर फळही देते. मासे आणि दूध हा विरुद्ध आहार नव्हे का? अंगावर पांढरे डाग उठतील, अशी मला भीती वाटते.
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, ही समजूत तुमच्या मनची नाही, तिला मोठी परंपरा आहे. चरकसंहितेत मासे दुधाबरोबर खाऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. तो निषेध दोन्ही एकाच वेळी, एकाच भोजनात घेण्याचा आहे. पांढऱ्या डागांविषयी मात्र निर्धास्त राहावे: कोड शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीतल्या बिघाडामुळे होते, मासे-दुधाने ते होत असल्याचा पुरावा आधुनिक वैद्यकात नाही. जगातल्या कित्येक किनाऱ्यांवर मासा दुधात किंवा सायीत शिजवतात.

बाळाचे वर्ष होईपर्यंत आईचे दूध हाच त्याचा मुख्य आहार असतो, ते मासा दिल्याच्या दिवशी तोडू नये. सुनेने तासाभराचे अंतर ठेवले आहे, ते तुमच्याही मनाला पटण्यासारखे आहे. माशावर फळ दिल्याने काही बिघडत नाही. गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षाआधी नको आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटालाही लावून चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला बोटुलिझमचा जीवघेणा विकार होऊ शकतो. भीती बाळगायचीच तर या मधाची बाळगावी.

प्रश्न : माझी रजा संपत आली आहे, बाळ सात महिन्यांचे आहे आणि महिन्याभरात ते पाळणाघरात जाईल. रविवारी आठवड्याचे करून ठेवता येईल का? डब्यात मासा देऊ का? पावसाळ्यात काय करू?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आठवड्याचे करून ठेवता येईल, पण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नव्हे. शिजवून कुस्करलेला मासा फ्रीजमध्ये एक दिवस ठेवावा, फळाचा वाफवलेला गर दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचे तर शिजल्यावर लगेच निववून बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये भरावे, गोठले की खडे सुटे करून झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डब्यावर तारीख लिहावी. फ्रीझर उणे १८ अंशांचा असेल तर महिनाभर ते चांगले राहतात. साध्या एकदारी फ्रीजच्या आतला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो आणि वीज गेली की लगेच सुटतो, त्यात मासा साठवू नये. एक खडा साधारण एका मोठ्या चमच्याएवढा होतो, म्हणजे एका जेवणाला एक पुरतो. तो रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवावा, देण्याआधी वाफ येईपर्यंत गरम करावा, कोमट करून द्यावा, आणि बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला त्या वाटीतले उरलेले पुन्हा ठेवू नये. एकदा सुटलेला खडा पुन्हा गोठवू नये.

पाळणाघरात मात्र मासा देऊ नका, असे मी सांगेन. शिजवलेला मासा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ३२ अंशांपुढे असताना एकच तास. सकाळी भरलेला डबा बारा वाजता उघडणार असेल तर हिशेब जमत नाही. शिवाय घास अडकला किंवा अंगावर काही उठले तर पाहणारे माणूस घरचे असावे. डब्यात नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी आणि अख्खे केळे द्यावे. केळे हे सालीच्या डब्यातच येते, त्यासारखे सुरक्षित फळ नाही. मासा संध्याकाळच्या जेवणात द्यावा, मात्र त्या प्रकारच्या माशाची ओळख आधी सुट्टीच्या दिवशी सकाळी झालेली असावी.

पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारा समुद्री मासा बहुधा बर्फातला किंवा साठवलेला असतो. त्या दोन महिन्यांत अंडे द्यावे. रोहू-कटला मिळतात, पण त्यांच्या मांसात दोन टोकांचे बारीक काटे असतात, ते बाळासाठी नकोतच.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे पापलेट गोठवलेले मिळते, सामन ताजा मिळतो, डब्यातले सार्डीन स्वस्त आहेत. दुकानात माशाच्या आणि फळाच्या तयार लगद्याची पिळून खायची पाकिटेही आहेत. नऊ महिन्यांच्या मुलीला काय द्यावे?
— एक आई, लेस्टर

उत्तर : ताजा सामन उत्तम. सार्डीन म्हणजे आपल्या तारलीचेच भावंड. डबा घेताना खारवलेल्या पाण्यातला टाळून साध्या पाण्यातला घ्यावा, आणि डब्यात मऊ झालेला असला तरी मधला काटा काढून मगच कुस्करावा. धुरावलेला सामन मिठामुळे आणि जंतूंच्या धोक्यामुळे देऊ नये. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा मुलांना शार्क, स्वोर्डफिश आणि मार्लिन अजिबात न देण्यास सांगते. तेलकट मासे मुलींना आठवड्यातून दोनदा आणि मुलांना चारदा, याहून अधिक नकोत, असेही सांगते. ते पाळावे. गोठवलेले पापलेट रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्यावे, ओट्यावर नव्हे.

पाकिटे प्रवासापुरती ठेवावीत. त्यातले बरेचसे लगदे सफरचंद किंवा पेअर यांच्या गरावर बेतलेले असतात, आणि ठाण्याच्या वाचकाला जे लिहिले ते इथेही लागू आहे. शिवाय बाळ पाकीट चोखते, चमच्यावरचे अन्न ओठांनी उतरवून घेत नाही. नऊ महिन्यांत तर तिने बोटाने उचलून खायला लागायला हवे. सामनची काटे काढलेली पाकळी आणि वाफवलेल्या पेअरची मऊ फोड तिच्यासमोर ठेवा, अर्धे जमिनीवर पडेल, पण उरलेले ती स्वतः खाईल. द्राक्षे उभी चार तुकडे करूनच द्यावीत.

प्रश्न : कोणती फळे कच्ची द्यावीत आणि कोणती वाफवून? चिकू आणि हापूस चालतील का?
— एक आजोबा, डहाणू

उत्तर : केळे, पिकलेली पपई, आंबा आणि चिकू मऊ असतात, ते नुसते कुस्करून द्यावेत. सफरचंद, पेअर आणि पेरू वाफवून पुरणयंत्रातून काढावेत. पेरूच्या बिया आणि सफरचंदाची साल वरच राहतात, आणि मिक्सरसारखा फेसही होत नाही. फळाचा रस वर्षाआधी कोणत्याच रूपात नको.

तुमच्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नातवंडाने तो खायलाच हवा. फक्त चिकूची बी मोजून काढावी. काळ्या, गुळगुळीत बीच्या एका टोकाला बारीक आकडा असतो आणि तो घशात अडकतो, म्हणून फळ आधी उभे चिरून सगळ्या बिया ताटलीत काढाव्यात, मगच गर चमच्याने खरवडावा. सालीलगतचा गर तुरट आणि चिकट असतो, तो सोडावा. हापूस देण्याआधी तासभर पाण्यात ठेवावा, देठाजवळचा भाग जाड कापून टाकावा आणि गर द्यावा, कारण चीक लागला तर बाळाच्या ओठांभोवती लाल होते. त्याला माशाची ॲलर्जी समजून घाबरू नये म्हणून नवा मासा आणि मोसमातला पहिला आंबा एकाच दिवशी देऊ नये.